पुटकुळ्यांचं घराणं

आमच्या पप्पांचे गाल मी कॉलेजात जाईपर्यंत पाहिले नव्हते. मला कळायला लागलं तेव्हापासून त्यांना दाढी आहे. लग्नाच्या फोटोत पांढरा सदरा, गळ्यात हार आणि दाढी. आधार कार्डावर दाढी. उन्हाळ्यात रानात पाइप अंथरताना ती घामानं निथळायची, तेव्हा आई म्हणायची, "काढा की हो ते जंगल, जीवाला जरा वारा लागंल." पप्पा म्हणायचे, "राहू दे, तेवढीच शोभा हाय." लहानपणी माझी खात्री होती की हा माणूस जन्मला तोच दाढीसकट.

पप्पा ठिबकवाले. आमचं घर आणि थोडी शेती वरकुट्यात, आणि ठिबक सिंचनाचं दुकान इंदापुरात स्टँडजवळ. उसाला पाट सोडून निवांत झाडाखाली झोपणाऱ्या लोकांना बांधावर उभं राहून शहाणपण शिकवणं हा त्यांचा धंदाही आणि छंदही. "पानी पिकाला द्यायचं असतंय, रानाला न्हाय. थोडं द्या, रोज द्या, मुळाशी द्या. जास्त दिलं की मीठ फुटून रान चोपन व्हतंय." हे प्रवचन मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत कुणी विचारलं तरी सांगेन.

त्यांचं दुसरं काम जयंतीचं. एप्रिलात विहारासमोर मांडव पडला की स्पीकर बांधणं, वायरी ओढणं, अँप्लिफायरला थापट्या मारणं हे सगळं पप्पांकडं. सगळं जोडून झालं की ते माइक तोंडाशी धरून म्हणायचे, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." विहार समितीचे अध्यक्ष म्हणजे आमच्या आळीतले तात्या. ते दरवर्षी न चुकता म्हणायचे, "झालं का तुमचं भाषण? आता पोरीला बोलू द्या."

कारण खरं भाषण माझं असायचं. पहिलीत असताना पप्पांनीच ते माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो,' इथून ते धडाधड सुरू व्हायचे, कागद न बघता. हे त्यांना कुठून येतं असं विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. बापाला सगळं येतंच, असं ते वय. पुढं मी भाषणं स्वतः लिहायला लागले, बालमित्र गेले, पण जयंतीला मी बोलणार हे ठरलेलं. पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या पहिल्या रांगेत बसून, मी तोंड उघडायच्या आधीच मान डोलवायला लागायच्या. माझ्या आयुष्यात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच होतं, ते भाषण.

बारावीनंतर बी.एस्सी.ला बारामतीला प्रवेश घेतला आणि माझी रवानगी कन्हेरीला, आत्याकडं झाली. तिथून कॉलेज जवळ, आणि आत्याची नजर त्याहून जवळ. त्याच पावसाळ्यात माझ्या कपाळावर पहिली पुटकुळी आली. आठवड्याभरात तिनं आपले पाहुणे बोलावले. दिवाळीपर्यंत कपाळ, गाल आणि हनुवटी, सगळीकडं वस्ती झाली होती.

पुटकुळीचं एक बरं असतं, तिला लाजाळूपणा नसतो. आपण कुणाला काही सांगायच्या आधी ती सांगून मोकळी होते. मग समोरचा माणूस आपली खुशाली विचारायची सोडून तिचीच विचारतो. कन्हेरीत दूध घालायला येणाऱ्या बाईंनी निदान केलं, "उष्णता." वरकुट्यात तात्यांनी केलं, "उष्णता." उष्णता हा आमच्याकडचा सगळ्यात लोकप्रिय आजार आहे. तोंड आलं, उष्णता. डोळे लाल झाले, उष्णता. पोरगी उलट बोलली, तरी उष्णताच. मला सब्जा पाजला, शेंगदाणे बंद केले, अंडी बंद केली, आणि आत्यानं आंब्याचं लोणचंसुद्धा फडताळाच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवलं. पुटकुळ्यांना यातल्या कशाचंही वाईट वाटलं नाही.

आत्याचा स्वतःचा सिद्धांत घाणीचा होता. रस्त्यावरची धूळ, उसाच्या ट्रॅक्टरांचा धूर, सगळं तोंडावर बसतं, म्हणून तोंड धुवायचं. मी सकाळी धुवायचे, कॉलेजात धुवायचे, घरी आल्यावर धुवायचे, आणि आत्यानं नुसतं माझ्याकडं पाहिलं तरी उठून धुवायचे. अंगाच्या साबणानं, खसाखसा. वर बेसन, हळद, लिंबू, मुलतानी माती. एकदा टूथपेस्टही लावली, कारण वर्गातल्या एका मैत्रिणीच्या बहिणीच्या पुटकुळ्या तिनं बसल्या होत्या म्हणे. दर रविवारी आत्या घाण्याचं खोबरेल डोक्यावर असं काही थापायची की ते ओघळून भुवयांपर्यंत यायचं. "डोकं थंड तर त्वांड थंड," हा तिचा विश्वास होता, आणि तिच्या विश्वासापुढं कुणाचं काही चालत नाही.

राहिलं ते काम स्कार्फनं केलं. आमच्या जिल्ह्यातल्या मुलींना स्कूटी शिकवावी लागते, स्कार्फ शिकवावा लागत नाही. एक पट्टा कपाळावरून, एक नाकावरून, मागं गाठ, आणि मग बाहेर फक्त डोळे. आधी मी तो धुळीसाठी बांधायचे. मग वर्गात पोहोचल्यावर सोडायला उशीर करायला लागले. मग सोडायचंच बंद केलं. आमचे प्रॅक्टिकलचे सर एकदा म्हणाले, "काय हो ताई, लॅबमध्ये ऊन लागतंय का?" सगळे हसले. मीही हसले, पण स्कार्फच्या आत हसलेलं कुणाला दिसत नाही, याचं तेव्हा बरं वाटलं.

मग नात्यातलं एक लग्न आलं, नरसिंहपूरकडचं. आत्यानं कपाटातून एक ट्यूब काढली. मेडिकलवाल्यानं तिला दिलेली, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. "ही लाव. लग्नापतुर त्वांड कसं आरशावानी व्हतंय बघ." आणि खरोखर झालं. चार दिवसांत पुटकुळ्या बसल्या, रंगसुद्धा उजळला. लग्नात दोघीतिघी बायकांनी आईला बाजूला घेऊन माझं शिक्षण किती झालंय याची चौकशी केली. आत्या सगळ्या मांडवभर आपली ट्यूब मिरवत होती. ट्यूब संपली, आणि त्यानंतरच्या आठवड्यात माझं तोंड जे फुटलं ते आधीच्या दुप्पट. लाल, टपोऱ्या, हात लावला की ठणकणाऱ्या. आत्या आठवडाभर माझ्याशी फार गोड वागली.

शनिवारी घरी गेले तेव्हा आईनं स्कार्फ सोडायला लावला. पप्पा जेवत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि ताट सारलं. दुसऱ्याच आठवड्यात दुकान बंद ठेवून ते मला बारामतीत त्वचेच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. ठिबकवाले एरवी दुकान बंद ठेवत नाहीत.

डॉक्टर मॅडम हसतमुख होत्या. "काय काय लावलं आजवर?" त्यांनी विचारलं. मी सांगायला सुरुवात केली. टूथपेस्टपर्यंत आले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "अगं, चेहरा आहे की थालीपीठ?"

मग त्यांनी नीट समजावलं. कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना शरीरातल्या हार्मोन्समुळं त्या जास्त तेल सोडतात. कातडीच्या मेलेल्या पेशी त्या तेलात चिकटून छिद्राचं तोंड बुजवतात, आत जंतू वाढतात, सूज येते, आणि आपण तिला पुटकुळी म्हणतो. ती घाणीनं होत नाही, म्हणून घासून जात नाही. उलट घासलं की कातडी आणखी चिडते. डोक्याचं तेल कपाळावर उतरतं, ते छिद्रं बुजवतं. घट्ट, घामट स्कार्फ दिवसभर घासला जातो, त्यानंही वाढतात. आणि आत्याची ट्यूब? मॅडमनी पप्पांच्या मोबाइलवर तिचा फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "हे स्टेरॉइड आहे. यानं आधी सगळं छान दिसतं आणि मग सगळं बिघडतं. डॉक्टरला विचारल्याशिवाय परत हात लावायचा नाही."

"आन् उष्णता, मॅडम?" पप्पांनी विचारलं.

"ती हवामानखात्याकडं," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होत्या का अशा, वयात असताना? आईला, तुम्हाला? बरेचदा घराण्यातून येतात."

"न्हाय मॅडम," पप्पा लगेच म्हणाले. "आमच्यात कुणालाच न्हाय." आणि दाढीवरून हात फिरवला. मॅडमनी त्या दाढीकडं क्षणभर पाहिलं आणि औषधं लिहायला घेतली.

मला मात्र वाईट वाटलं. म्हणजे हे आमच्या घराण्यात नव्हतंच. मीच कुठून तरी आणलं होतं.

औषध साधं होतं. दोन वेळा सौम्य फेसवॉश, वर हलकं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन, आणि रात्री एक जेल. वाटाण्याएवढंच, सगळ्या तोंडाला मिळून. फोडायच्या नाहीत, खरवडायच्या नाहीत. स्कार्फ सुती, सैल, रोज धुतलेला, आणि वर्गात सोडायचा. "दोन-तीन महिने धीर धरायचा," मॅडम म्हणाल्या. "आधी थोडं सोलल्यासारखं होईल. घाई करायची नाही."

बाहेर पडल्यावर मेडिकलमधून पप्पांनी जेलच्या दोन ट्यूबा घेतल्या. मी म्हटलं, एकच लिहिलीय. ते म्हणाले, "वाटान्यानं काय व्हतंय? मॅडमला शहरातल्या पोरी म्हाइत. आपलं रान भारी हाय. भारी रानाला डोस बी भारी लागतो."

मलाही तेच हवं होतं, उगाच बापावर कशाला ढकलू. त्या आठवड्यात मी घरीच होते. रात्री मी वाटाण्याऐवजी लिंबाएवढं जेल घेतलं, आणि पप्पा खुर्चीवरून मार्गदर्शन करत होते, "कडंला ऱ्हायलं बघ. नाकापशी पन दे." तिसऱ्या सकाळी तोंड भाजल्यासारखं लाल, ओठांच्या कडेला कातडी निघालेली, हसायला गेले तर डोळ्यांत पाणी. आई चहा घेऊन आली. तिनं माझं तोंड पाहिलं, रिकामी झालेली ट्यूब पाहिली, मग पप्पांकडं वळली.

"सगळ्या तालुक्याला ठिबक शिकवताय," ती म्हणाली, "आन् पोरीच्या तोंडाला पाट सोडला व्हय?"

पप्पा चहा न पिताच दुकानाला निघून गेले.

मॅडमना फोन केला. त्या आधी रागावल्या, मग हसल्या. काही दिवस जेल बंद, नुसतं मॉइश्चरायझर, मग एक रात्रीआड वाटाणा, मग रोज वाटाणा. त्यानंतर पप्पांनी घरात शिस्तच लावली. मी कन्हेरीला असले तरी रात्री त्यांचा फोन यायचा, "वाटाना का?" मी म्हणायचे, "वाटाणा." एवढंच बोलणं. आत्या आता तेल केसांच्या टोकांना लावायची, तेही तोंड पाडून, जणू तिच्या हातची सत्ता गेली होती. पण फडताळावरचं लोणचं खाली आलं.

मार्चपर्यंत फरक दिसायला लागला. ठणकणाऱ्या मोठ्या पुटकुळ्या गेल्या, नव्या कमी झाल्या. पण जुन्यांनी जाताना खुणा सोडल्या होत्या, तपकिरी डाग आणि गालावर काही बारीक खड्डे. मॅडम म्हणाल्या, डागांना वेळ लागतो, खड्ड्यांचं पुढं बघू. वर्गात मी स्कार्फ सोडायला लागले होते, मागच्या बाकावर बसून का होईना. मला वाटलं, जयंतीपर्यंत जमेल. गावच्या म्हाताऱ्यांसमोर उभी राहीन. कपाळावरचे डाग त्यांना चष्म्याशिवाय थोडेच दिसणार आहेत.

आणि मग फ्लेक्स आला.

त्या वर्षी समितीनं गावच्या स्टँडवर मोठा फ्लेक्स लावायचं ठरवलं होतं. वर आळीतल्या मान्यवरांचे फोटो, खाली शुभेच्छुकांचे, त्यात दाढीवाले पप्पा, आणि मधोमध मी, 'प्रमुख वक्त्या'. पप्पांनी तो इंदापुरातून छापून आणला आणि अंगणात उलगडला. माझा अकरावीतला फोटो दिला असता तर एक वेळ कळलं असतं. त्यांनी दिला होता परवाचा, मोबाइलवर काढलेला. पण फ्लेक्सवर होती ती कुणी दुसरीच मुलगी. उकडलेल्या अंड्यासारखं गुळगुळीत, पांढरं तोंड. डाग नाही, खड्डा नाही, नाकसुद्धा थोडं सरळ केलं होतं.

फ्लेक्सवाला हे सगळ्यांनाच करतो. मागच्या साली त्यानं तात्यांच्या टकलावर केस उगवून दिले होते, आणि तात्या वर्षभर तो फ्लेक्स जपून होते. पण मी तात्या नव्हते. पप्पा मांडी घालून फ्लेक्सपाशी बसले होते आणि म्हणत होते, "लय भारी आलाय." मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांना मनापासून आवडला होता. ते मला फार लागलं. पुटकुळ्या आल्या तेव्हासुद्धा इतकं लागलं नव्हतं.

"मग हिलाच बोलवा भाषणाला," मी म्हटलं. "मी येणार नाही."

पप्पांनी वर पाहिलं. फ्लेक्सची हळूहळू गुंडाळी केली.

त्यानंतर तात्या येऊन समजावून गेले. म्हाताऱ्यांपैकी एकीनं निरोप धाडला. आत्या कन्हेरीहून मेकअपचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "एक थर दिला की समदं झाकतंय." आईनं तिला चहा दिला आणि डबा परत पिशवीत घातला. मी हट्ट सोडला नाही. स्टँडवर ती गुळगुळीत मुलगी टांगलेली असणार, सगळा गाव तिला बघणार, आणि मग मांडवात मला बघणार. ती तुलना मला सोसणार नव्हती. भाषण तयार होतं, पाठही होतं. ते मनातल्या मनात म्हणत मी रडायचे.

जयंतीच्या सकाळी पप्पा उजाडताच घरातून गेले. आई पांढरी साडी नेसली. मी पांढरा ड्रेस घातला आणि त्यावर स्कार्फ बांधला, अगदी स्कूटीवरचा, डोळ्यांपुरता. वंदनेला मागं बायकांत बसायचं आणि परत यायचं, असं मी आईला सांगितलं. ती बरं म्हणाली.

मांडवाजवळ पोहोचलो तर अँप्लिफायरपाशी कुणी परका माणूस पाठमोरा उभा. मला वाटलं, पप्पा रुसले की काय, स्पीकरला माणूस भाड्यानं आणला. तात्या त्याच्याकडंच निघाले होते. "पाव्हणं कुठलं म्हणायचं?" त्यांनी विचारलं. त्या माणसानं तोंडावर रुमाल धरला होता, आणि रुमालातूनच तो माइकमध्ये बोलला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग."

आवाज पप्पांचा होता.

ते वळले. दाढी साफ. चेहऱ्याचे दोन भाग झाले होते, वरचा उन्हानं रापलेला आणि खालचा कित्येक वर्षं सावलीत राहिलेला, फिकट. आणि त्या फिकट गालांवर खड्डे होते. माझ्यासारखे दोन-चार नव्हे, कानापासून हनुवटीपर्यंत, जुने, खोल. तात्यांचं तोंड उघडं राहिलं. आई मात्र गालात हसत होती.

मी त्यांच्यापाशी गेले. पप्पाच बोलले, वायर गुंडाळत, माझ्याकडं न बघता.

"मॅडमला खोटं सांगितलं मी. नववीत व्हतो. माजं बी भाषण ठरलं व्हतं हितं, पाठ बी केलं व्हतं. पोरं चाळणी म्हणायची. ऐन येळंला म्हणलं, मी आपला स्पीकर बगतो. तवापासनं स्पीकरच बगतुय." मग म्हणाले, "फ्लेक्सवाल्याला मी काय सांगितलं न्हवतं बाळा. पर तुजं तसलं त्वांड बघून मला बरं वाटलं, ही खरी गोष्ट हाय. त्याचंच मंग लय वाईट वाटलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "रडू नकं," ते म्हणाले, "रातच्याला जेल लावलंय, झोंबंल."

"रुमाल कशाला धरला होता?" मी विचारलं.

"तू स्कार्फ बांधून आलीस तर आवाज जातो का ते बगत व्हतो. जातो. चांगला जातो." त्यांनी माइक माझ्याकडं केला. "बोलायचं असलं तर तसंच बोल. काय बिघडत न्हाय."

मला आयुष्यात खूप लोकांनी खूप उपाय सांगितले. असला उपाय कुणी सांगितला नव्हता. मी मागची गाठ सोडली, स्कार्फची घडी केली आणि आईच्या हातात दिली.

वंदना झाली. तात्यांनी माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर चढले. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं, मग पप्पांकडं पाहिलं, आणि शेजारणीला सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाली, "बापावर गेलीय." आणि मान डोलवायला लागली. मांडवात हसू पिकलं. पप्पाही हसले. त्यांच्या गालावर हसताना काय काय होतं, ते मी पहिल्यांदाच पाहत होते. मग मला बोलायला काहीच जड गेलं नाही.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या. मी माइक स्टँडला लावला नाही. खाली उतरून अँप्लिफायरपाशी गेले आणि तो पप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, कारण माइक हातात आला की घ्यायचा ही त्यांची सवय. मग त्यांच्या लक्षात आलं. ते परत द्यायला लागले. मी हात मागं बांधले.

सगळा मांडव त्यांच्याकडं बघत होता. मांडवाच्या खांबाला टेकून त्यांच्या शाळेतले दोघंतिघं उभे होते, आता पोटं सुटलेले, केस गेलेले. पप्पांनी माइक तोंडाशी नेला.

"हॅलो, हॅलो," ते म्हणाले, "माइक टेस्टिंग."

लोक खो खो हसले. तात्या म्हणाले, "झालं तुमचं भाषण?"

"न्हाय," पप्पा म्हणाले. त्यांनी घसा साफ केला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि खांबापाशी उभ्या असलेल्या त्या दोघातिघांकडं पाहिलं.

"अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो."